वरच राहिलेली चाल

पहिल्यांदा ती चाल ऐकू आली तेव्हा मी अंगणात सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत बसलो होतो. भर दुपार. हातात दाभण, दातात सुतळी. कुणीतरी लांब, बहुधा मारुतीच्या पाराकडे, पेटी वाजवत होतं.

मला आधी रागच आला. नेर तालुक्यातल्या आमच्या गावात पेटी एकच, ती माझी, आणि ती मागच्या खोलीत गोधडीखाली झाकून ठेवलेली होती. मग माझ्या गावात येऊन वाजवणारा हा कोण? पण दोन ओळी ऐकल्या आणि राग गेला, कारण चाल चांगली होती. फार चांगली. मी दाभण खाली ठेवलं.

माय ओसरीत खाटेवर बसली होती. तिला मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नाही, पण गल्लीतून सायकल गेली तर ती कोणाची, हे बसल्या जागी सांगते. मी विचारलं, "माय, कोन वाजवून राह्यलं व?"

"कोनीच नाही वाजवून राह्यलं बापू," माय म्हणाली. "तूच तं..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं वंदनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मांडीवर होतं. कुणीतरी नाकाशी कांदा धरला होता, दुसरा एक शहाणा चप्पल घेऊन उभा होता. जीभ दाताखाली येऊन तोंडात रक्त आलं होतं. वंदना गोठ्यात होती, तिथून ती इतक्या लवकर कशी पोचली, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

*

मी शेतकरी आहे. कापूस, सोयाबीन, तूर. पण गावात मला मास्तर म्हणतात, कारण आमच्या खंजेरी भजन मंडळात वीस वर्षं मी पेटी वाजवतो आणि चाली बांधतो. बाकीची मंडळं सिनेमाच्या गाण्यावर भजनाचे शब्द बसवतात. आम्ही नाही. माझ्या चाली माझ्या असतात, आणि त्याचा मला जो माज होता तो सांगायला आता लाज वाटते, पण होता.

तरी खरी गोष्ट अशी, की त्या आधीची दोन वर्षं मला एकही चाल सुचली नव्हती. कळंबच्या भजन स्पर्धेत आम्ही जुन्याच चाली घासूनपुसून म्हटल्या. खंजेरी वाजवणारे रामभाऊ मला तोंडावर म्हणाले होते, "मास्तर, तुमचं आटलं काय?" मी हसण्यावारी नेलं. आत फार लागलं होतं. हे सगळं सांगतोय कारण त्याशिवाय मी पुढे केलेला मूर्खपणा तुम्हाला कळणार नाही.

*

महिनाभरात चार वेळा झालं. चारही वेळा आधी चाल. तीच चाल, त्याच पेटीवर, तितक्याच अंतरावरून. पहिली ओळ पंचमापर्यंत जायची, दुसरी धैवताला हात लावून यायची, तिसरी वरच्या कोमल निषादावर जाऊन थांबायची. आता खाली येईल, षड्जावर येईल, असं वाटायचं आणि तेवढ्यात मी नसायचो.

शुद्धीवर आलो की मी आधी वही मागायचो. जिभेला सूज, हात थरथरत, पण तीन ओळी मी लिहून काढल्या. चौथीची जागा कोरी ठेवली.

गावात बोलणं सुरू झालं की मास्तरच्या अंगात येते. कुणी लिंबू घेऊन आलं. माय त्यांना म्हणाली, "अंगात देव आला असता तं बोलला असता. हे तं दात खाऊन राह्यलं. दवाखान्यात न्या त्याले." अंधाऱ्या डोळ्यांची ती बाई घरात सगळ्यांपेक्षा स्वच्छ बघत होती.

यवतमाळला डोक्याचा फोटो काढला. त्या नळीत पडल्या पडल्या मशीन जे ठोकत होती त्यावर मी खंजेरीचा ठेका मोजत होतो. मोजायचा थांबलो तर ती चाल सुरू होईल अशी भीती वाटत होती.

डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. हरभऱ्याएवढी गाठ. जंताची. पोटातला जंत रस्ता चुकून डोक्यात गेला होता आणि तिथेच मेला होता. "बरी होते," बाई म्हणाल्या. "पण गोळ्या दोन-तीन वर्षं. एकही चुकवायची नाही."

मी विचारलं, "बाई, फीट यायच्या आधी गाणं ऐकू येतं, त्याचं काय?"

त्यांनी पेन खाली ठेवला. "कोणतं गाणं?"

"माहीत नाही. आधी कधी ऐकलेलं नाही."

"ते गाणं म्हणजेच फीट," त्या म्हणाल्या. "फीट तिथून सुरू होते. गाणं सुरू झालं की असाल तिथे आडवे व्हा."

त्या खुर्चीत बसून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. गाठीचं काही वाटलं नाही. पण दोन कोरड्या वर्षांनंतर आलेली ती एकच चांगली चाल एका मेलेल्या जंताने पाठवली होती, याची भीती वाटली. आणि भीती वाटूनही ती चाल पुढे काय होते हे मला ऐकायचंच होतं.

परतीच्या एसटीत वंदनाने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. नेर येईपर्यंत सोडली नाही. कोणतं गाणं, हे तिने विचारलं नाही. मला वाटलं, तिला त्यात काय रस असणार.

*

त्याआधीचे पाच दिवस मी भरती होतो. दवाखान्यात दिवस आपला नसतो. सहाला थर्मामीटर, सातला चादर, नऊला डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर छताकडे बघणं. शेजारच्या खाटेवर ढाणकीचे एक काका होते. त्यांची बायको दुपारी चहा आणायची तेव्हा न विचारता एक पेला माझ्या स्टुलावर ठेवायची. पाचही दिवस ठेवला. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण तो चहा आठवला की अजून बरं वाटतं.

माझ्या खाटेवरचा पंखा कुरकुरायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कुरकुरीच्या खालून पेटी सुरू झाली. मी आडवाच होतो, करण्यासारखं काहीच नव्हतं. पहिली ओळ. दुसरी. मी वंदनाकडे बघितलं. ती खाटेच्या पायथ्याशी संत्र सोलत होती. मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. आणि तिने संत्र टाकलं, उठली, आणि माझ्या मानेखाली हात घातला. तिसऱ्या ओळीच्या आधी.

तेव्हापासून मी बायकोला थोडा घाबरू लागलो.

*

घरी आल्यावर मनाईची यादी मोठी होती. विहिरीवर जायचं नाही, मोटारसायकल नाही, माळ्यावर चढायचं नाही, चुलीजवळ एकट्याने बसायचं नाही. मायने त्यात भर घातली. "थे पेटी काहाडा घरातून." पेटी रामभाऊंकडे गेली.

सगळं शेत वंदनाच्या अंगावर पडलं. फवारणीला माणूस शोधण्यापासून कापूस वेचून आणण्यापर्यंत. आणि मला एकट्याला सोडायचं नाही म्हणून प्रणालीला, आमच्या लेकीला, यवतमाळच्या होस्टेलवरून घरी आणलं. बारावी सायन्सला होती. ती माझ्यासमोर पुस्तक उघडून बसायची, पण नजर पुस्तकावर नसायची, माझ्यावर असायची. मी पाणी प्यायला उठलो तरी उठायची.

"पोट्टे, वाच ना," मी म्हणायचो.

"वाचून राह्यली ना बाबा," ती म्हणायची, आणि पान तेच असायचं.

बापाच्या आजारपणात लेकीचं वर्ष जाताना बघणं फार वाईट. फिटीपेक्षा वाईट. फीट आली की निदान आपण तिथे नसतो.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो. एवढ्या वेळा फीट आली, पण मी एकदाही जमिनीवर आदळलो नाही. दर वेळी वंदना आधीच पोचलेली. एकदा ती मागच्या दारी भांडी घासत होती, तर हाताला राख तशीच. माझ्या मानेला राखेची पाच बोटं उमटली होती. लोक म्हणायचे, बाईचा जीव आहे, कळते तिला. मी म्हणायचो, देवाची कृपा. पण एकटा असलो की विचार करायचो, की माझ्या डोक्याच्या आत वाजणारी पेटी हिला बाहेर कशी ऐकू येते?

*

गोळ्यांनी काम केलं. दोन महिन्यांत फिटी थांबल्या. चालही थांबली.

सगळे खूश. मायने मारुतीला नारळ फोडला. प्रणाली प्रॅक्टिकलसाठी यवतमाळला परत गेली. आणि मी वही उघडून बसायचो. तीन ओळी आणि एक कोरी जागा. चौथी ओळ मी पन्नास प्रकारांनी बांधून बघितली. पेटी नव्हती, तोंडाने. एकही बसेना. जे बसवावं ते ठिगळ वाटायचं. खरी ओळ आत कुठेतरी होती, आणि मी दररोज रात्री आठ वाजता एक गोळी खाऊन तिच्या तोंडावर दार लावत होतो. मला तेव्हा हे असंच वाटायचं. लिहिताना अंगावर काटा येतो, पण असंच वाटायचं.

मी गोळी तोंडात घातल्यासारखी करायचो आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचो. चार दिवस.

पाचव्या दिवशी सकाळी आली. मी ओसरीत होतो. पाराकडून पेटी, जुना सोयरा परत यावा तशी. मी आडवा झालो नाही. कुणाला हाक मारली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मी ऐकत राहिलो. पंचम. धैवत. कोमल निषाद. आता ये, मी म्हटलं, आता खाली ये.

डोळे उघडले ते यवतमाळच्या दवाखान्यात. फीट थांबेचना म्हणून गाडी करून नेलं होतं. माझा सदरा बदलताना वंदनाला खिशात चार गोळ्या सापडल्या. तिने त्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी मूठ मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं.

प्रणाली पायथ्याशी उभी होती, कॉलेजच्या कपड्यांत, हातात जर्नल. ती हळूच म्हणाली, "बाबा, आज माहा फिजिक्सचा प्रॅक्टिकल होता."

मी रडलो. वॉर्डात, सगळ्यांसमोर. मग वंदनाला खरं सांगितलं की मला चौथी ओळ पाहिजे होती.

"चौथी ओळ," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे फिरवून बसली.

हे वाचणारं कुणी माझ्यासारखं असेल तर त्याच्यासाठी सांगतो. कांदा हुंगवू नका, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. आणि गोळी थांबवायची असं डोक्यात येईल, काही ना काही कारण सापडेलच, माझ्यासारखं सुंदर कारणही सापडेल. थांबवू नका.

*

वर्ष गेलं. एकही फीट नाही. फोटोत गाठ वाळून बारीक ठिपका झाली होती. प्रणालीने राहिलेला प्रॅक्टिकल पुढच्या वेळी दिला आणि नर्सिंगला गेली. कुठून सुचलं ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

मग एक दिवस रामभाऊ पेटी घेऊन आले. "मास्तर, घ्या बा आपली लक्ष्मी. उंदरानं भाता कुरतडला थोडासा." मी भात्याला जुन्या रेनकोटचा तुकडा चिकटवला. बोटं ताठ झाली होती. आठ दिवस नुसते सूर घोटले, मग जुनी भजनं. मायने कुरकुर केली, पण तीही हळूहळू पायाने ठेका धरू लागली. वर्षभर हाती नसलेलं वाद्य पुन्हा बोटांखाली बोलू लागतं तेव्हाचं सुख मला नीट सांगता येणार नाही. मी पोरासारखा खूश होतो.

नवव्या दिवशी, सकाळी, मी वही उघडली आणि त्या तीन ओळी वाजवल्या.

पहिली ओळ संपली आणि ओसरीत माय थाळी बडवू लागली. तिच्या खाटेजवळ पितळी थाळी असायची, ती उलथण्याने ठोकत होती, जोरजोरात, डोळे आढ्याकडे. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मी घाबरलो, पण बोटं थांबली नाहीत. दुसऱ्या ओळीला वंदना पिठाच्या हातांनी धावत आली, माझ्या मानेखाली हात घातला आणि मला मागे ओढून मांडीवर घेतलं. मी तिच्या तोंडाकडे खालून बघत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या कपाळावर हात ठेवून ती दाराकडे बघत होती, जसं दर वेळी बघत असेल.

"अवं, मी बरा हाय!" मी ओरडलो. "वंदना! मी वाजवून राह्यलो फक्त."

थाळी थांबली. वंदनाने मला बघितलं, जागं झाल्यासारखं.

"थे चाल कुठून आनली तुमी?" तिने विचारलं.

"माझीच आहे. फिटीच्या आधी ऐकू यायची ती."

"ऐकू येत होती?" वंदना म्हणाली. "अहो, तुमी म्हनत होते थे. मोठ्यानं. डोये उघडे ठेवून."

माय ओसरीतून म्हणाली, "पयल्याच दिशी तुले सांगून राह्यली होती मी. तूच तं म्हनून राह्यला, म्हटलं. तवा सुनेले हाका मारल्या, मंग थाळी ठेवली जवळ. तुहा आवाज आला का वाजवायची, का सून धावत ये."

म्हणजे पाराकडे कुणी नव्हतं. आणि ती थाळी मला त्या चालीपुढे एकदाही ऐकू आली नव्हती. इतके दिवस ज्याला मी दूरची पेटी समजत होतो तो माझाच गळा होता. ही चाल घरात सगळ्यांना पाठ होती. आणि माझ्या घरातल्या बायकांना त्या चालीचा एकच अर्थ माहीत होता.

*

स्पर्धेचं विचाराल तर कळंबला आम्ही तीच चाल म्हटली आणि तिसरे आलो. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

मी वंदनाला विचारलं, "तिसऱ्या ओळीनंतर मी काय म्हणायचो?"

"काहीच नाही. थे वरतं गेलं का तुमी गेले."

"मग चौथी ओळ नाहीच?"

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही उठून गेली. मी तिच्यासोबत बावीस वर्षं संसार केला आहे. ती काही लपवत असली की भांडी जोरात ठेवते. पंधरा दिवस भांडी जोरात वाजली.

मग एका दुपारी ती कापसातली कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, निवडत बसली होती. हातातलं काम न सोडता म्हणाली, "माहे बाबा इच्चू उतरवत होते, तुमाले मालूम हाय." माझे सासरे विंचू चावलेल्याला मंत्र घालायचे, लांबून लोक यायचे. "त्याईनं थो मंत्र मायलेबी नाही सांगतला कधी. सांगतला का मंग लागत नाही म्हनत."

"बरं मग?"

"तुमी थो सूर वरतंच सोडून जात होते. डोये पांढरे. मले काहीच सुचे ना. मंग मी थोच सूर धरला आन् हळूहळू खाली आनला. खाली आनला का तुमी डोये उघडले. मंग दर वेळेस तसंच केलं. गाडीतबी तेच केलं, यवतमाळपावतर." ती थांबली. "म्हनून सांगत नव्हती. सांगतलं, आन् पुन्यांदा फीट आली, तं मी काय करू?"

मी पेटी ओढून घेतली. मी कोमल निषाद धरून ठेवला.

वंदनाने कापूस बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि गाऊन दाखवलं. साधी ओळ होती. धैवत, पंचम, गंधारावर थोडी टेकली, मग षड्ज. लेकराला झोपवताना बाया गुणगुणतात त्याच्याहून जास्त काही नव्हतं. मी ती आयुष्यात कधी ऐकलेली नव्हती.

"हे मला कधी ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

"कसे ऐकसान? तुमी तवा होते कुठी?"

ज्या ओळीसाठी मी गोळ्या चुकवल्या, लेकीची परीक्षा घालवली, ती त्या आजारात नव्हतीच. हजार फिटी आल्या असत्या तरी सापडली नसती. मी वही पुढे ओढली आणि कोरी जागा भरली. वंदना पेन चालताना बघत होती. मी टोपण लावलं तेव्हा ती म्हणाली, "आता माह्याजोळ काई नाही राह्यलं. गोयी चुकवू नोका."

दुपारचे तीन वाजले होते. गोळीची वेळ आठची. तरी मी उठलो, कोनाड्यातली डबी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली.